मुहिका की वास्केस?

उरुग्वे म्हटलं की आपल्याकडे माजी राष्ट्राध्यक्ष होसे मुहिकाच आठवतात. जुनी निळी बीटल गाडी, माँटेव्हिडिओबाहेरचं शेत, पगाराचा बहुतेक भाग दान. ताबारे वास्केस यांचं नाव क्वचितच कुणी घेतं. दोघं एकाच डाव्या आघाडीचे, पिंड मात्र निराळा. मुहिका तुपामारो या डाव्या गनिमी संघटनेतले बंडखोर. तेरा-एक वर्षं तुरुंगात काढली, तीही बरीचशी एकांतकोठडीत. वास्केस कर्करोगतज्ज्ञ, २००५ मध्ये देशाचे पहिले डावे राष्ट्राध्यक्ष झाले आणि मुहिकांना कृषिमंत्री केलं.

खरा फरक दिसतो तो कायद्यांत. २००८ मध्ये गर्भपाताला मुभा देणारं विधेयक वास्केस यांनी नकाराधिकार वापरून अडवलं, स्वपक्षीयांचा रोष पत्करून. मुहिकांच्या काळात, २०१२ ला, तसा कायदा झालाच. पुढच्याच वर्षी समलिंगी विवाह आणि गांजाही कायदेशीर. गंमत म्हणजे औषध दुकानांत गांजा विकला जाऊ लागला २०१७ मध्ये, तंबाखूच्या हात धुऊन मागे लागलेल्या वास्केस यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत!

भाषणं ऐकायची तर मुहिकांची. माझं मत मात्र वास्केस यांना. सिगारेटच्या पाकिटावर ८० टक्के जागेत इशारा छापायला लावला, म्हणून फिलिप मॉरिस या बड्या सिगारेट कंपनीने उरुग्वेला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं. २०१६ मध्ये एवढ्याशा देशाने तो खटला जिंकला.