यॉर्क की डरहॅम? एकच कॅथेड्रल बघायचं असेल तर

दोन्ही इंग्लंडच्या उत्तरेला, एकाच रेल्वे लाइनवर, त्यामुळे कुठे उतरायचं हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. यॉर्क मिन्स्टरला, म्हणजे यॉर्कच्या कॅथेड्रलला, तिकीट आहे आणि ते स्वस्त नाही, पण काचचित्रकार जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ मध्ये केलेली पूर्वेची ती भलीमोठी काचेची खिडकी बघितली की पैसे वसूल, फक्त दुर्बीण न्या बरं का, वरची चित्रं नुसत्या डोळ्यांनी नीट कळतच नाहीत.

डरहॅमला एन्ट्री फ्री, ऐच्छिक देणगी द्यायची. बांधकाम १०९३ ला सुरू झालेलं, म्हणजे यॉर्कच्या आत्ताच्या इमारतीपेक्षा बरंच जुनं, आणि आतले ते जाडजूड गोल खांब, ६.६ मीटर उंच आणि घेरही तेवढाच, त्यावर कुठे नागमोडी तर कुठे चौकटींची नक्षी दगडातच कोरलेली, जवळ जाऊन बघाच. उत्तर इंग्लंडचा मध्ययुगीन ख्रिस्ती संत कथबर्ट, त्याची समाधीही इथेच.

टॉवर दोन्हीकडे, यॉर्कला २७५ पायऱ्या, डरहॅमला ३२५, गुडघे दुखत असतील तर राहू द्या.

काचकामाचं वेड असेल तर यॉर्क. माझं मत विचाराल तर डोळे झाकून डरहॅम, आणि स्टेशनवरून चढ चालायची तयारी ठेवा.