गच्चीवरचं ठिबक किट नागपूरच्या उन्हाळ्यात चालतं का?

एप्रिल लागला की नागपुरातल्या गच्चीबागवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एकच विषय: लग्नाला गावी गेलो तर कुंड्यांना पाणी कोण घालणार? मग कोणीतरी ऑनलाइन मिळणारं 'पन्नास कुंड्यांचं ठिबक किट' सुचवतं. किंमत साधारण १,००० ते १,५०० रुपये. कंपन्या अनेक, माल जवळपास सारखाच: ४ एमएमची काळी नळी, लाल टोपीचे ड्रिपर, टी, खुंट्या आणि नळाला लावायचा अडॅप्टर. घ्यायला हरकत नाही, पण डब्यावरच्या चित्रात दाखवलंय तसं जोडू नका.

गोम आहे दाबात. ड्रिपरवर 'ताशी ४ लिटर' असं लिहिलेलं असेल तर ते साधारण १ बार दाबाला, म्हणजे १० मीटर उंचीवरच्या पाण्याला. आपली टाकी जिन्याच्या खोलीवर असते, कुंड्यांपासून फार तर ३ मीटर वर. एवढ्या दाबात तोच ड्रिपर ताशी २ लिटरच्या आसपास देतो. त्यातून चित्रात सगळ्या कुंड्या एकाच ४ एमएम नळीवर माळेसारख्या ओवलेल्या दाखवतात. इतक्या बारीक नळीत घर्षणानेच दाब संपतो. पहिल्या आठ-दहा कुंड्या चिखल होतात आणि शेवटच्या पंचवीस कोरड्या राहतात. 'किट बोगस आहे' अशा तक्रारी वाचायला मिळतात, त्यातल्या बहुतेकांचं मूळ हेच.

उपाय स्वस्त आहे. शेतीच्या ठिबकात वापरतात ती १६ एमएमची लॅटरल मुख्य नळी म्हणून टाका. काटोल-नरखेडच्या संत्रा बागांमुळे हे सामान इथे कृषी साहित्याच्या दुकानात मीटरवर सहज मिळतं. टाकीकडून येणारी नळी गच्चीच्या मधोमध आणा आणि टी लावून दोन्हीकडे फाकवा, म्हणजे कुठलीच बाजू फार लांब होत नाही. लॅटरलला पंचने भोक पाडायचं, पिन कनेक्टर दाबायचा आणि तिथून ४ एमएमची फांदी काढायची. एका फांदीवर चार-पाचपेक्षा जास्त ड्रिपर नकोत. नळीचं टोक दहा सेकंद गरम पाण्यात धरलं की कनेक्टर अलगद बसतो. टाकीनंतर लगेच १२० मेशची जाळीची गाळणी लावा, किटमध्ये ती बहुधा नसते. दुकानदार 'भारीतला' म्हणून प्रेशर कंपेन्सेटिंग (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारा) ड्रिपर दाखवेल, तो घेऊ नका. त्याच्या आतला पडदा टाकीच्या दाबावर नीट काम करत नाही.

लाल टोपीचे ड्रिपर मात्र कमी दाबावर बरे चालतात. टोपी फिरवून आधी सगळे बंद करा, मग लांबच्या टोकापासून एकेक उघडत या. एका ड्रिपरखाली वाटी ठेवून १० मिनिटांत किती मिली पाणी जमलं ते मोजा आणि सहाने गुणा, म्हणजे ताशी किती ते कळेल. मे महिन्यात १२ इंची कुंडीला दिवसाला एक ते दीड लिटर लागतं, ते दोन हप्त्यांत द्यावं.

टायमर किटमध्ये नसतो, वेगळा घ्यावा लागतो, आणि सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात. सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या) व्हॉल्व्हच्या टायमरला उघडण्या-मिटण्यासाठी ठरावीक किमान दाब हवा असतो. टाकीच्या पाण्यावर तो धड उघडत नाही किंवा अर्धवट मिटतो आणि रात्रभर गळत राहतो. घ्यायचा तर बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे मोटरने गोळा फिरवून उघड-बंद होणारा. खोक्यावर किमान दाब ० बार लिहिलाय का ते बघा. साधारण २,००० ते ३,००० रुपये लागतात. याचाही एक दोष आहे: व्हॉल्व्ह उघडा असताना सेल संपले तर तो उघडाच राहतो आणि टाकी रिकामी होते. म्हणून मार्चअखेर अल्कलाइन सेल बदला. टायमरवर थेट ऊन आलं की त्याचा स्क्रीन काळा पडतो. वर एक मातीची कुंडी पालथी घातली तरी पुरते.

वेळ पहाटे पाचची ठेवा. संध्याकाळी सहाचा हप्ता कागदावर छान दिसतो, पण पारा ४५ च्या पुढे असताना काळ्या टाकीतलं आणि नळीतलं पाणी तेव्हा चटका देण्याइतकं तापलेलं असतं. दुसरा हप्ता रात्री दहानंतर. पाचला टाकीत पाणी असेल ना, तेही बघा. सकाळच्या नळावर टाकी भरणाऱ्यांनी रात्रीच पाणी राखून ठेवावं.

कुंडीत नुसती काळी माती असेल तर ठिबक वाया जातं. नवतपात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ती आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी फटीतून थेट खालच्या भोकात जातं. मातीत साधारण एक तृतीयांश कोकोपीट आणि तेवढंच गांडूळखत मिसळा. ड्रिपर कडेला न लावता खोड आणि कड यांच्या मध्ये खोचा आणि वर दोन इंच तणस (भाताचा पेंढा) पसरा. सावलीची हिरवी जाळी ५० टक्क्यांची पुरे. ७५ टक्क्यांच्या जाळीखाली मिरची-टोमॅटो नुसते उंच वाढतात.

बोअरचं पाणी असेल तर कूलरच्या जाळीवर बसतो तोच पांढरा क्षार ड्रिपरमध्येही बसतो. महिन्यातून एकदा ड्रिपर काढून लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून रात्रभर भिजवा, आणि लॅटरलची टोकं उघडून गाळ वाहू द्या. सुईने टोचू नका, भोक मोठं होतं. खारी नळ्या कुरतडतात, त्यावर ठोस इलाज नाही. जोडणीचे पाच-सहा जादा तुकडे घरात असू द्या.

किटला पाचपैकी तीन, लॅटरल, गाळणी आणि योग्य टायमरसह चार. दहा-बारा कुंड्याच असतील तर हा खटाटोप करू नका. तेवढ्या कुंड्या भिंतीच्या पूर्व बाजूला दुपारच्या सावलीत एकत्र ठेवून शेजाऱ्यांकडे किल्ली दिली तरी भागतं.