एकाच फळीवरच्या दोन डब्या: सुके ब्लडवर्म आणि आर्टेमियाची अंडी

इंदूरच्या ॲक्वेरियम दुकानांत या दोन डब्या बहुधा शेजारीशेजारी दिसतात. दोन्हींतला माल वाळवलेला आणि दोन्ही माशांचं खाणं. मात्र ब्लडवर्म मेलेले असतात, आर्टेमिया या चिमुकल्या खाऱ्या पाण्यातल्या जीवाची अंडी जिवंत. कशावर किती पैसे घालायचे आणि काय कसं साठवायचं, ते यावरच ठरवावं.

आधी ब्लडवर्म. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कायरोनोमिड माशीच्या या लाल अळ्या. फायटर आणि एंजल हे मासे त्यांच्यावर तुटून पडतात. तरी हे रोजचं जेवण नव्हे, आठवड्यातून दोनदा चिमूटभर पुरे. कोरड्या टाकल्या तर अळ्या तरंगत राहतात आणि मासा त्यांच्याबरोबर हवाही गिळतो, म्हणून टाकीतल्याच पाण्यात दहा मिनिटं भिजवून द्या. डबी तोंडाजवळ धरून उघडू नका. या अळ्यांच्या हिमोग्लोबिनची ॲलर्जी होते. शिंका येतात, डोळे खाजतात, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर ही भुकटी उडताच कामा नये.

भिजल्यावर अळ्या छान फुगतात, पण हलत नाहीत. या अळ्या गोठवून वाळवतात, तेव्हा पेशींत बर्फाचे स्फटिक होऊन आवरणं फाटतात हे खरंच, पण सावकाश वाळवल्या असत्या तरी या अळ्या वाचल्या नसत्या. त्यांच्याच कुळातली पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी ही माशी मात्र अळी असताना सुकूनही वाचते. उत्तर नायजेरियातल्या खडकांवरची डबकी आटली की तिच्या अळीत जेमतेम ३ टक्के पाणी उरतं. कीटकशास्त्रज्ञ हिंटन यांनी १९६० मध्ये नोंदवलं की अशी सुकी अळी १०२ अंशांवर मिनिटभर आणि उणे २७० अंशांच्या थंडीतही टिकते. सतरा वर्षं कोरड्या राहिलेल्या अळ्याही पाण्यात जाग्या झाल्या आहेत.

हे सगळं जनुकांचं काम. २०१४ मध्ये या माशीचा जीनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा संच, तिच्या जवळच्या, पण सुकल्यावर मरणाऱ्या पॉलिपेडिलम न्युबिफरशी ताडून पाहिला गेला. सुकून टिकण्यात कामी येणारी जनुकं पहिलीत जीनोमच्या ठरावीक पट्ट्यांत, जणू बेटांवर, दाटीने सापडली, एकाच जनुकाच्या अनेक प्रती झालेल्या. दुसरीत ती बेटं नाहीत. त्यातली एलईए प्रथिनांची जनुकं बहुधा जीवाणूंकडून आलेली. ही प्रथिनं पाणी जाताना बाकीच्या प्रथिनांच्या गुठळ्या होऊ देत नाहीत, आणि थायोरेडॉक्सिन नावाची प्रथिनं ऑक्सिडेशनचं नुकसान आवरतात. शिवाय ट्रेहॅलोज ही साखर कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत साठते आणि पाण्याच्या जागी काचेसारखी घट्ट बसते. ट्रेहॅलोज बहुतेक कीटकांच्या रक्तात असतंच. इथे ते प्रचंड बनतं आणि टीआरईटी-१ नावाचं वाहक प्रथिन ते पेशींच्या आवरणापार नेतं. या तयारीला साधारण ४८ तास लागतात. चार-सहा तासांत भराभर वाळवली तर ही अळीही मरते, कारण साखर बनायला वेळच मिळत नाही.

आर्टेमिया कीटक नव्हे, खाऱ्या सरोवरातला कवचधारी जीव. पण त्याच्या अंड्यातला भ्रूणही ट्रेहॅलोज, एलईए आणि पी-२६ या प्रथिनांच्या जोरावर सुकून टिकतो. तेव्हा हा जिवंत माल आहे असं समजूनच हाताळा. एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा आणि एक ते दोन ग्रॅम अंडी. नळाचं नर्मदेचं पाणी घेत असाल तर आधी क्लोरीन घालवणारं अँटिक्लोर घाला. बाटली उलटी टांगून हवेची नळी थेट तळाशी सोडा, नाहीतर अंडी तळाला बसून गुदमरतात. वर दिवा हवा आणि पाणी २८ अंशांवर. एवढं सांभाळलं की १८ ते २४ तासांत पिल्लं निघतात. डिसेंबर-जानेवारीत हीटर न लावता इथे अंडी फुटायला फार उशीर होतो, आणि मग लोक उगाच डबीला नावं ठेवतात. निघालेली पिल्लं गोड्या पाण्याने धुऊन सहा-आठ तासांच्या आत खाऊ घाला. नंतर त्यांच्यातलं पीतक (अंड्यातून आलेला बलक) संपत जातं आणि पोषणही. तरंगणारी टरफलं माशांच्या पिल्लांच्या पोटात अडकतात, तीही वेगळी काढा.

आमची शिफारस: आर्टेमियाला ५ पैकी ४, ब्लडवर्मला ३. पण चार तारे फक्त सीलबंद डब्याला. सुट्या पुडीतून घेतलेली अंडी बऱ्याचदा निम्मीही फुटत नाहीत, कारण पावसाळी हवेतली ओल शोषून भ्रूण अर्धवट जागा होतो आणि साठवलेली शक्ती खर्चून बसतो. ओला चमचा घातला तरी हेच होतं. डबा उघडल्यावर सिलिका जेलची पुडी टाका, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये ठेवा.