आमच्या भागातील क्राफ्ट बिअर: गव्हाची उत्तम, आयपीए शिळी, लागर घाईची

आमच्या भागात स्वतःची बिअर स्वतः बनवून टॅपवर देणाऱ्या छोट्या ब्रूअरी आता बऱ्यापैकी स्थिरावल्या आहेत. ‘नवीन काहीतरी सुरू झाले आहे’ या कौतुकाचा काळ सरला असून ग्लासात जे येते त्याचे मोजमाप करण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते. हे परीक्षण कोणत्याही एका जागेचे नाही आणि म्हणून कोणाचेही नाव येथे घेतलेले नाही. या सर्व ठिकाणी वारंवार जाऊन, तीच ती बिअर वेगवेगळ्या महिन्यांत पिऊन बनलेले हे मत आहे. फलकावर किती टॅप आहेत, यावरून एखाद्या भागातील क्राफ्ट बिअरची पातळी ठरत नाही. ती ठरते सर्वांत साध्या बिअरवरून. फळांचा गर, कॉफी, व्हॅनिला किंवा मसाले घातलेल्या बिअरमध्ये बनवणाऱ्याच्या चुका झाकल्या जाऊ शकतात, पण गव्हाच्या साध्या बिअरमध्ये किंवा फिकट लागरमध्ये (थंडीत संथपणे आंबवून बराच काळ निवत ठेवलेल्या बिअरमध्ये) त्यांना लपायला जागाच नसते. म्हणून नव्या ठिकाणी पाऊल ठेवले की पहिला ग्लास मी नेहमी या दोहोंपैकी एकीचा घेतो.

गव्हाच्या बिअरपासूनच सुरुवात करतो, कारण या बाबतीत आमच्या भागातील ब्रूअरांना मनापासून दाद द्यावी लागेल. जर्मन पद्धतीच्या हेफेवाइझेनमध्ये निम्मे किंवा त्याहून अधिक माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गव्हाचे असते, आणि तिचा तो ओळखीचा पिकलेल्या केळ्याचा व लवंगेचा गंध कोणत्याही केळ्यातून वा लवंगेतून येत नाही. तो सर्वस्वी यीस्टचा असतो. केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल ॲसिटेट यीस्ट किण्वनाच्या वेळी तयार करते, आणि लवंगेचा वास देणारे संयुगही तेच धान्यातील फेरुलिक आम्लापासून बनवते. दळलेले माल्ट कोमट पाण्यात भिजवताना ते 45 अंश सेल्सिअसच्या आसपास काही वेळ थांबवले तर हे आम्ल अधिक प्रमाणात मोकळे होते आणि लवंग पुढे येते. किण्वन अधिक उष्ण ठेवले तर बहुधा केळे वरचढ ठरते. म्हणजे या बिअरचा तोल ब्रूअरच्या थर्मामीटरवर उभा असतो. आमच्याकडची गव्हाची बिअर पिताना हा तोल हातात असल्याचे जाणवते. परवा घेतलेल्या ग्लासाचेच सांगतो: दाट, पांढरा, सायीसारखा फेस दोन बोटे उंच उभा होता, खालची बिअर गढूळ सोनेरी होती, पहिल्या श्वासात लवंग आली आणि गिळल्यावर केळे मागे रेंगाळले, पण गोडवा मात्र साचला नाही. एवढी नेटकी बिअर मोठ्या, शतकानुशतकांचा अनुभव असलेल्या ब्रूअरीतून आली असती तरी मी तिचे कौतुक केले असते.

या बिअरबद्दल मला विशेष ममत्व वाटण्याचे आणखी एक कारण आहे. बव्हेरियाच्या 1516 च्या कायद्याने बिअरमध्ये सातू, हॉप्स (कडूपणा व सुगंध देणारी एका वेलीची फुले) आणि पाणी एवढेच घटक मान्य केले होते, आणि गव्हाची बिअर बनवण्याचा अधिकार पुढे दीर्घकाळ राजघराण्याच्या हाती राहिला. लोकांची आवड बदलून ही बिअर मागे पडली असताना 1872 मध्ये गेओर्ग श्नायडर यांनी ती बनवण्याचा हक्क मिळवला आणि ती टिकवली. विटबिअर या बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरची कथाही याच वळणाची आहे. होगार्डन गावातील तिची शेवटची ब्रूअरी 1950 च्या दशकात बंद पडली, आणि 1966 मध्ये पिएर सेलिस या त्याच गावातील माणसाने धने व संत्र्याची साल घातलेली ती बिअर पुन्हा बनवायला घेतली. एका माणसाच्या हट्टामुळे बिअरचा एक संपूर्ण प्रकार वाचू शकतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसते, आणि छोट्या ब्रूअरीचे मोल मला त्यातच दिसते. आमच्याकडची विटबिअर मात्र हेफेवाइझेनच्या तोडीची नाही. धन्यांचा हात सैल सुटलेला असतो आणि शेवटी जिभेवर साबणासारखी चव राहते. विटबिअरमध्ये धने कुठे आहेत हे शोधावे लागले पाहिजे. ते समोर येऊन उभे राहिले की प्रमाण चुकले असे समजावे.

आता आयपीएकडे, म्हणजे हॉप्सचा भर असलेल्या ‘इंडिया पेल एल’कडे वळतो, कारण विक्री तिची सर्वाधिक असावी असे टेबलाटेबलावरचे ग्लास पाहून वाटते आणि निराशाही तिनेच सर्वाधिक केली आहे. आज आपण ज्याला क्राफ्ट बिअर म्हणतो त्या चळवळीचा पाया बऱ्याच अंशी हॉप्सच्या सुगंधावर उभा राहिला. फ्रिट्झ मेटॅग यांनी 1965 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील डबघाईला आलेल्या अँकर ब्रूअरीत हिस्सा घेतला, 1976 मध्ये जॅक मॅकऑलिफ यांनी कॅलिफोर्नियातच न्यू अल्बियन ही छोटी ब्रूअरी उभी केली, आणि 1972 मध्ये लागवडीसाठी खुल्या झालेल्या कॅस्केड या हॉप्सच्या वाणाने अमेरिकन पेल एलला द्राक्षफळाच्या सालीचा तो टवटवीत गंध दिला. हा गंध ज्या तेलांतून येतो ती तेले अत्यंत नाजूक असतात. प्राणवायू, उष्णता आणि काळ हे तिन्ही त्यांचे शत्रू. किण्वन संपत आल्यावर थंड हॉप्स घालून मिळवलेला सुगंध काही आठवड्यांतच फिका पडू लागतो. टाकीतून केगमध्ये, म्हणजे धातूच्या पिंपात, बिअर नेताना थोडी जरी हवा आत शिरली तरी तिचा रंग काळपट होतो, फळांचा वास जाऊन मधासारखा किंवा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो आणि कडूपणा घशाला खरखरीत लागतो. गढूळ आयपीएमध्ये हे फार लवकर घडते, आणि नेमकी तीच सध्या प्रत्येक फलकावर आहे.

आमच्या भागात मी प्यालेल्या आयपीएपैकी निम्म्याहून अधिक अशाच होत्या. एका ठिकाणी ग्लास समोर आला तेव्हा त्याचा रंग संत्र्याच्या रसाऐवजी कोऱ्या चहाकडे झुकलेला होता. ही बिअर कधी भरली, असे मी विचारले. वाढणाऱ्या तरुणाने प्रामाणिकपणे आत जाऊन चौकशी केली आणि परत येऊन सांगितले की केगवर तारीख लिहिलेली नाही. दोष त्या मुलाचा मुळीच नव्हता. मला या सगळ्यातली सर्वांत गंभीर उणीव हीच वाटते. हॉप्स निवडण्यावर, ते निर्वात पाकिटातून थंडगार स्थितीत आणण्यावर एवढा खर्च करायचा आणि केगवर चार अक्षरांची तारीख मात्र लिहायची नाही, याला माझ्याकडे समर्थन नाही. ब्रूअरीत बनून तिथेच प्यायली जाणारी आयपीए ही जगातील सर्वांत ताजी आयपीए असायला हवी. दूरवरून बाटलीत आलेल्या बिअरपुढे स्थानिक बिअरची तीच एक निर्विवाद जमेची बाजू आहे.

लागरबद्दल बोलताना माझा सूर थोडा कठोर होणार आहे, कारण अपेक्षाही मोठी आहे. योसेफ ग्रोल यांनी 1842 मध्ये पिल्झेन येथे पहिली सोनेरी पिल्सनर बनवली तेव्हापासून या बिअरची मागणी एकच राहिली आहे: थंडावा आणि वेळ. लागरचे यीस्ट साधारण 8 ते 12 अंशांवर संथपणे काम करते आणि त्यानंतर बिअर शून्याच्या जवळपासच्या तापमानाला कित्येक आठवडे निवत ठेवावी लागते. या काळात यीस्ट स्वतःच निर्माण केलेले डायअसेटिल, म्हणजे लोण्यासारखा वास देणारे संयुग, पुन्हा शोषून घेते. टाकी लवकर रिकामी करण्याची घाई केली की हे काम अर्धवट राहते. आमच्याकडच्या तीन लागरमध्ये मला हाच लोणकट वास सापडला, आणि एका लागरमध्ये त्याच्या जोडीला उकडलेल्या मक्याचा वासही होता, जो काढा (माल्ट भिजवून गाळलेले गोड पाणी) पुरेसा खळखळून न उकळल्याचे किंवा नंतर तो सावकाश थंड झाल्याचे लक्षण असतो. पहिल्या थंड घोटात हे कळत नाही. ग्लास तळहातांत धरून दहा मिनिटे थांबावे, बिअर जरा कोमट होऊ द्यावी आणि मग वास घ्यावा. लोणी असेल तर ते तेव्हा लपत नाही.

ब्रूअरांसाठी तर याहून पक्की चाचणी आहे आणि तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. किण्वन संपत आलेल्या बिअरचे दोन नमुने घ्यायचे, एक थंड ठेवायचा, दुसरा झाकून सुमारे 60 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचा, मग तो थंड करून दोन्हींचा वास ताडून पाहायचा. तापवलेल्या नमुन्यात लोण्याचा वास आला तर बिअर अजून तयार नाही. अशा वेळी तापमान काही अंशांनी वाढवून यीस्टला दोन-तीन दिवस अधिक द्यावे लागतात. एवढेच. या दोन-तीन दिवसांची बचत करण्यासाठी सबंध टाकीची चव पणाला लावणे हा कोणत्याही हिशेबाने तोट्याचा व्यवहार आहे.

स्टाउट या काळ्या बिअरबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. भाजलेल्या सातूचा कोरडा कडवटपणा बहुतेक ठिकाणी चांगला साधला आहे, फक्त ती बर्फासारखी थंड देणे थांबवले पाहिजे, कारण 10 अंशांच्या वर गेल्याशिवाय तिच्यातील कोको आणि कॉफीचा गंध उघडतच नाही. आंबट बिअर अजून बाल्यावस्थेत आहेत. लॅक्टोबॅसिलस या आंबवणाऱ्या जिवाणूने काढ्यालाच आंबटपणा देण्याची झटपट पद्धत सर्वांनी उचलली आहे, आंबटपणा स्वच्छ येतो, पण त्यापलीकडे सांगण्यासारखे त्यांच्यात काही नसते.

बिअर टाकीतून बाहेर पडल्यावर तिचे काय होते, याकडे मात्र मला सर्वांचे लक्ष वेधायचे आहे, कारण चांगल्या बिअरचीही माती तिथे होते. केगपासून टॅपपर्यंतच्या नळ्यांत यीस्ट आणि जिवाणूंचा थर साचतो. अमेरिकेतील ब्रूअर्स असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार या नळ्या दर 14 दिवसांनी अल्कधर्मी द्रावणाने धुवाव्या लागतात. एकदा मला एकाच संध्याकाळी एकाच ठिकाणच्या दोन टॅपवरून तीच गव्हाची बिअर मिळाली. पहिलीत लवंग होती, दुसरीत व्हिनेगरसारखा आंबूस वास होता आणि फेस मिनिटभरात बसला. वाढणाऱ्याने तक्रार न करता ग्लास बदलून दिला, हे सौजन्य मी विसरलेलो नाही, पण त्या दुसऱ्या टॅपवरून नंतरही इतरांना तीच बिअर दिली जात होती. ग्लासांचेही तेच. भरलेल्या ग्लासाच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिलेले दिसले तर तिथे तेलाचा किंवा साबणाचा अंश उरला आहे असे समजावे. स्वच्छ ग्लासात बुडबुडे अडखळत नाहीत आणि प्रत्येक घोटामागे फेसाची एक जाळीदार कडा काचेवर राहते. ही कडा मला आमच्या भागात फक्त दोन ठिकाणी नियमाने दिसली आहे.

क्राफ्ट बिअर पहिल्यांदाच चाखू पाहणाऱ्याला मी आज निःसंकोचपणे हेफेवाइझेन घ्यायला सांगेन, आयपीए घेण्यापूर्वी ती कधी भरली हे विचारायला सांगेन, आणि पूर्ण ग्लासाआधी दोन घोटांचा नमुना मागण्यात संकोच करू नये असेही सांगेन. आमच्याकडे कोणीही तो आजवर नाकारलेला नाही. लागरसाठी मात्र निवड करावी लागेल. गेल्या महिन्यात एका छोट्या ब्रूअरीने आपली पिल्सनर पूर्ण सहा आठवडे निवू दिल्यानंतरच टॅपवर लावली आणि तसे फलकावर तारखेसह खडूने लिहिले. मी तो ग्लास दहा मिनिटे हातात धरून कोमट केला. लोण्याचा मागमूस नव्हता. भाजलेल्या पावाच्या कवचासारखे माल्ट होते, त्यावर हॉप्सचा हलका गवती, फुलांसारखा गंध होता आणि कडूपणा एखादी रेघ ओढावी तसा येऊन थांबला. मी दुसरा ग्लासही तिचाच घेतला.