स्वभावचित्रण शिकवायला ‘मॅकबेथ’ घ्यावं की ‘अँटिगनी’?

एक शेक्सपियरचं, १६०६च्या आसपासचं. दुसरं सोफोक्लीजचं, इसवी सनापूर्वी ४४१च्या सुमाराचं. ‘मॅकबेथ’ ही शेक्सपियरची सर्वांत छोटी शोकांतिका, पण ‘अँटिगनी’ तिच्याहूनही बरीच लहान. हाताशी तास कमी असतील तर निम्मा निर्णय इथेच होतो. उरलेला निम्मा आपला वर्ग कसा आहे त्यावर.

‘मॅकबेथ’ची सोय अशी की नायक स्वतःच मन उघडं करतो. पहिल्या अंकाच्या सातव्या प्रवेशातलं स्वगत घ्या. डंकन आपला नातेवाईक, आपला राजा, त्यात आज घरचा पाहुणा. मारू नये याची कारणं तो एकेक करून मोजतो आणि मारण्यासाठी हाती उरते नुसती महत्त्वाकांक्षा. बायको येते. तिला तो ठणकावतो की हे आता पुढे न्यायचं नाही, आणि प्रवेश संपेपर्यंत खुनाला तयार होतो! मुलांना विचारायचं: नेमक्या कोणत्या ओळीला तो फिरला? वर्गात वाद पेटतो, पेटायलाच हवा. पुढे आपला सहकारी सेनानी बँको याच्या खुनाचा बेत तो बायकोलाही सांगत नाही. हे दोन प्रवेश शेजारी ठेवले की माणूस किती बदलला ते वेगळं समजवावं लागत नाही.

पण सगळं इतकं उघड असल्यामुळेच मुलं ‘अतिमहत्त्वाकांक्षी’ असा शिक्का मारून मोकळी होतात. गाइडांनी तो तयारच ठेवलेला असतो.

‘अँटिगनी’त शिक्का चालत नाही. राजा क्रेऑनने बंडखोर पॉलिनायसीसच्या अंत्यसंस्कारांना बंदी घातलेली; त्याची बहीण अँटिगनी ती मोडते आणि गुहेत कोंडली जाते. कोरस, म्हणजे गाणारा-बोलणारा समूह, जवळपास सतत समोर, त्यामुळे स्वगताला फारशी जागाच नाही. स्वभाव कळतो तो वादांतून. शिवाय नाटक बरंच बाकी असताना अँटिगनी रंगमंचावरून जाते आणि शेवट कोसळतो तो क्रेऑनवर. मग ही शोकांतिका कोणाची, हे मुलंच विचारू लागतात. माझी आवडती जागा टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याच्या इशाऱ्यानंतरची. कोरस क्रेऑनला सांगतो, आधी मुलीला सोडव, मग मृताला थडगं दे. तो उलटं करतो: आधी पॉलिनायसीसचे अंत्यसंस्कार, मग गुहा. पोचतो तोवर तिने गळफास घेतलेला असतो. क्रम का उलटला? देवांच्या कोपाची भीती, की तिच्यासमोर जायचा कमीपणा? नाटक सांगत नाही. कुठलंही उत्तर द्यायचं तर मागच्या संवादांतून पुरावा काढावा लागतो.

त्रास एवढाच की अँटिगनीचा बाप ईडिपस याच्या घराण्याची पूर्वकथा आधी सांगावी लागते, आणि कोरसची गीतं मुलांना जड जातात. दोनेक गाळली तरी चालेल. आत्महत्या दोन्ही नाटकांत आहेत, तो विषय आधी विचार करूनच वर्गात न्यावा.

ओळीवर बोट ठेवून बोलायची सवय मुलांना अजून नसेल तर ‘मॅकबेथ’ घ्या. सवय आहे, पण उत्तरं छापील येतात, तर बेधडक ‘अँटिगनी’. पूर्ण नाटकाला वेळच नसेल तर फक्त क्रेऑन आणि हेमॉनचा वाद वाचा. मुलगा अदबीने सुरुवात करतो आणि संतापून निघून जातो. बापाने त्याला कोणत्या वाक्याला गमावलं, हे ठरवताना एक तास सहज जातो.