पाण्याचा जार, पीईटी की स्टील आणि माठ?

नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा घरोघरी अन् दुकानांत वीस लिटरचे जार उतरतात. पाणी चांगलं असेलही, पण भांडं कुठलं?

जार उलटा करून बूड बघा. त्रिकोणात ७ आणि ‘पीसी’ असेल तर तो पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे बिस्फेनॉल-ए (बीपीए) या रसायनापासून बनलेलं कडक प्लास्टिक. उष्णतेनं किंवा धुण्याच्या सोड्यानं त्याची रासायनिक साखळी तुटते आणि बिस्फेनॉल पाण्यात उतरतं. टेम्पोत दिवसभर तापलेला, घासून धुरकट झालेला जार सरळ परत करा. त्रिकोणात १ असेल तर पीईटी, म्हणजे पाण्याच्या छोट्या बाटल्यांचं प्लास्टिक. त्यात बिस्फेनॉल-ए नसतं, पण तापल्यावर अँटिमनी हा धातू सुटतो, म्हणून तोही सावलीतच हवा. जारच घ्यायचा असेल तर हा बरा. ‘बीपीए-फ्री’ लेबलवर विसंबू नका. कधीकधी त्याच्या जागी बिस्फेनॉल-एस असतं आणि तेही बिस्फेनॉल-ए प्रमाणे शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखंच वागतं.

याचा प्रतिकारशक्तीशी काय संबंध? पांढऱ्या पेशीही इस्ट्रोजेनचा संदेश ओळखतात. उंदरांत बिस्फेनॉल-ए मुळे दाह वाढवणाऱ्या टीएच-१७ पेशी वाढलेल्या दिसल्या. त्यावरून युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये रोजची मर्यादा २०,००० पटींनी घटवून शरीराच्या दर किलो वजनामागे ०.२ नॅनोग्रॅम केली. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेला हा आधार अपुरा वाटला. तिनं २०० नॅनोग्रॅम सुचवलं. माणसांत यानं आजार होतोच, असं सिद्ध झालेलं नाही. तरीही घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर आम्ही वाट बघायला सांगणार नाही.

आमची पसंती साठवणीला तोटीचं स्टीलचं पिंप, गारव्याला माठ. जार आला की लगेच पिंपात ओता. माठातलं पाणी छिद्रांतून झिरपून वाफ होतं, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या उन्हात तो उत्तम चालतो आणि पावसाळ्यात ढेपाळतो. बोअरच्या जड पाण्यानं छिद्रं बुजली की गारवा जातो. तेव्हा साबण न लावता नुसत्या काथ्यानं घासा, फरक पडला नाही तर माठ बदला. पाणी ओगराळ्यानंच काढा, हात बुडवू नका.

सावजी रस्सा पार्सल आणताना मात्र जास्त जपा. पार्सलचं प्लास्टिक नरम पीव्हीसीचं असेल, तर त्याला नरम ठेवणारी थॅलेट ही रसायनं तेलात सहज विरघळतात, आणि इथं तर्री गरमही असते, तेलकटही. घरून स्टीलचा डबा न्या.