खरारा, चंदी आणि सेव्हचा स्लॉट : ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मधला घोडा

रॉकस्टार गेम्सचा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ रोजी प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात संगणकावर. त्याची कथा, त्यातला निसर्ग आणि त्यातल्या बंदुका यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी तो दोनदा पूर्ण खेळलो असून येथे फक्त दोन गोष्टींविषयी लिहिणार आहे : घोडा सांभाळणे आणि खेळ सेव्ह करणे, म्हणजे तो जिथवर आला तिथवरची नोंद साठवणे. गेमच्या मेनूत या दोन गोष्टी एकमेकींपासून दूर असल्या, तरी खेळताना त्या वेगळ्या राहत नाहीत, कारण या गेममध्ये घोडा मेला की मेला, आणि तो परत मिळणार की नाही हे आपण शेवटचे सेव्ह कधी केले होते यावरच ठरते.

काळ १८९९ चा आहे. डच व्हॅन डर लिंडच्या दरोडेखोर टोळीतला आर्थर मॉर्गन हा आपला नायक. बर्फातले पहिले प्रकरण संपवून टोळी खाली हॉर्सशू ओव्हरलुकला तळ ठोकते, आणि टोळीतल्याच होझियाबरोबरच्या एका मिशनच्या, म्हणजे कथेतल्या कामगिरीच्या, निमित्ताने आपण व्हॅलेंटाइन गावच्या तबेल्यापर्यंत पोचतो. घोड्याचे खरे प्रकरण तिथून सुरू होते. घोड्याचे आरोग्य आणि दम हे दोन्ही दोन स्तरांवर मोजले जातात. बाहेरचे कडे धावताना झरझर रिकामे होते आणि थोड्या विश्रांतीने भरते. आतला गाभा मात्र सावकाश झिजतो आणि चाऱ्यावाचून लवकर सावरत नाही. गाजर, सफरचंद, गवताची पेंढी, ओटची वडी, साखरेचा खडा अशी चंदी आपल्या थैलीत बाळगावी लागते. घोडा चिखलाने माखला तर त्याचा परिणाम त्याच्या दमावर होतो, म्हणून खरारा करावा लागतो. घाई असेल तर घोडा नदीतून नेला तरी पुष्कळ मळ निघतो. थंडीत घोड्याचे अंडकोश आकसतात इथपर्यंत बारकावे रंगवले आहेत, आणि गेम बाजारात येण्याआधी चर्चा नेमकी त्याचीच अधिक झाली, हा भाग सोडून देऊ.

या सगळ्याला काही जण खोगीरभरती म्हणतात. मला ते पटत नाही. खरारा केल्याने, चारा दिल्याने, मानेवर थोपटल्याने घोड्याशी जवळीक वाढते आणि तिच्या चार पायऱ्या आहेत. पायरी चढेल तशी आपली शीळ घोड्याला अधिक लांबून ऐकू जाते, घोडा मागच्या पायांवर उभा राहायला शिकतो, भरधाव असताना घसरत थांबतो, आणि गोळीबारात पूर्वीइतका बिथरत नाही. टापांचा ठेका धरून बटण दाबत गेले तर दमही बेताने खर्च होतो. हे कोणी समोर बसवून शिकवत नाही. एखाद्या संध्याकाळी हार्टलँड्सच्या माळावर आपली मांड पक्की झाल्याचे आपोआप लक्षात येते. वीस-पंचवीस तास एकाच घोड्यावर बसल्यानंतर तबेल्यातला महागडा घोडा विकत घ्यायला हात धजावत नाही, हेच या रचनेचे यश आहे.

उणिवाही आहेत. आर्थर दोनच लांब बंदुका अंगावर बाळगू शकतो, बाकीच्या खोगिराला अडकवलेल्या असतात, आणि घोड्यावरून उतरताना हवी ती रायफल निवडायचे राहिले की हिंस्र श्वापदासमोर उभे राहिल्यावर हाती नुसते पिस्तूल उरते. झाडांशी होणारी टक्कर हा दुसरा ताप. दाट रानात घोडा कधी झाड चुकवतो, तर कधी थेट त्याच्यावर आदळतो, आणि दोष आपला की त्याचा हे सांगता येत नाही.

आता सेव्हकडे येतो. पॉज मेनूतून स्टोरीमध्ये आणि तिथून सेव्ह गेममध्ये गेले की स्लॉटची, म्हणजे नोंदी ठेवायच्या जागांची, यादी उघडते. याखेरीज मिशन संपल्यावर आणि अधूनमधून गेम स्वतःच आपल्या वेगळ्या स्लॉटमध्ये नोंद (ऑटोसेव्ह) करतो. माझ्याकडे एकदा ऐन खेळात वीज गेली, तेव्हा याच नोंदीमुळे जेमतेम दहा मिनिटांचे काम वाया गेले. मिशन सुरू असताना मात्र हाताने सेव्ह करता येत नाही. तिथे चेकपॉइंटवर, म्हणजे गेमनेच ठरवलेल्या टप्प्यांवर, भागवावे लागते. २०१० च्या पहिल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’मध्ये सेव्हसाठी बिछाना किंवा रानातला मुक्काम गाठावा लागे, त्यामानाने इथली सोय मोठी आहे. उलट त्या गेममध्ये घोड्याचे मालकीपत्र जवळ असले तर मेलेला घोडाही ते पुन्हा वापरून परत मिळे. नव्या गेमने सेव्ह सोपे केले आणि मरण कायमचे केले.

याचा अर्थ मला कळला तो पांढऱ्या अरबी घोड्यामुळे. वायव्येकडच्या बर्फाळ डोंगरांत इझाबेला तळ्याकाठी हा रानटी घोडा फिरत असतो आणि बर्फात तो चटकन दिसतही नाही. जवळ जाताना पावले सावकाश टाकावी लागतात, तो कान टवकारून थबकला की आपणही थांबून त्याला चुचकारावे लागते, आणि पाठीवर चढल्यावर तो ज्या बाजूला उसळी घेईल तिच्या उलट तोल सांभाळावा लागतो. तीन वेळा पडून चौथ्या वेळी तो शांत झाला. जुन्या घोड्याचे खोगीर काढून त्याच्या पाठीवर कसले (असे केल्याखेरीज तो आपला मुख्य घोडा होत नाही) आणि आनंदाच्या भरात सेव्ह न करताच उतार उतरायला लागलो. अंधार पडला होता. एका खडकावर टाप अडली, दोघेही गडगडत खाली गेलो. आर्थर उठला, घोडा उठला नाही. तो कण्हत पडलेला असताना मी थैली उघडली. गाजरे होती, ओटच्या वड्या होत्या, सफरचंदे होती. नव्हते ते फक्त कोसळलेल्या घोड्याला उठवणारे हॉर्स रिव्हायव्हर हे औषध. त्यानंतर सेव्ह करायला मेनू उघडला, म्हणजे वरातीमागून घोडे.

सकाळची नोंद होती म्हणून वाचलो. दोन तासांची शिकार गेली, पण तळ्याकाठी तो घोडा पुन्हा उभा होता. तेव्हापासून नवा घोडा पकडला की तबेल्यात नेऊन नाव ठेवल्यावर लगेच नव्या स्लॉटमध्ये सेव्ह करतो, जुन्या नोंदीवर सहसा लिहीत नाही, आणि औषधाच्या दोन बाटल्या जवळ असल्याशिवाय डोंगर चढत नाही. नवीन खेळणाऱ्याने केवळ ऑटोसेव्हवर विसंबू नये, कारण ती नोंद घोडा मेल्यानंतरही होऊ शकते आणि ती केव्हा व्हावी हे आपल्या हाती नसते.

प्रत्येक अपघातानंतर मागे जायचे असेल तर मरण कायमचे ठेवण्यात अर्थ काय, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे आणि गेमकडे त्याचे पुरते उत्तर नाही. मात्र एका ठिकाणी ते दिले आहे. ज्यांना कथेचा शेवट आधी कळायला नको आहे त्यांनी इथेच थांबावे.

सहाव्या प्रकरणाच्या अखेरीस, पाठलागात, आपण ज्या घोड्यावर असू तो गोळ्या लागून कोसळतो. तिथे औषध चालत नाही आणि जुनी नोंद उघडून पुन्हा खेळलो तरी तेच घडते. मागून माणसे येत असताना आर्थर त्याच्याजवळ बसतो, मानेवर हात ठेवतो आणि त्याचे आभार मानतो. माझ्या पहिल्या खेपेला तो घोडा हाच पांढरा अरबी होता. रोमन अक्षरांत टाइप करून मी त्याचे नाव मोगरा ठेवले होते. कथा पूर्ण झाल्यावर मी दुसऱ्या प्रकरणातला एक स्लॉट उघडला. व्हॅलेंटाइनच्या तबेल्याबाहेर तो चिखलात उभा होता. खरारा केला, एक गाजर भरवले, आणि सेव्ह न करता गेम बंद केला.